साळूताईचा अर्ज आणि तीन आळ्यांचं युनिक्स

एका जंगलात, मुलांनो, तीन संगणक होते. हसू नका. जंगलात राजा असतो, तो दरबार भरवतो, हे तुम्ही मुकाट्यानं ऐकता. मग संगणकाचंच काय वावडं?

वरच्या आळीतला संगणक गवेअण्णांचा. मोठा, महागडा, तापला की घरघरणारा. मधल्या आळीतला हुप्प्या वानराचा. तो त्यातली प्रणाली दर आठवड्याला बदलायचा, कारण नवी फुकट मिळायची. खालच्या आळीतला खवल्या मांजराचा. काळ्या पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. खवल्याला याचाच अभिमान.

तिघांकडेही युनिक्स होतं. युनिक्स म्हणजे संगणक चालवणारी एक जुनी, खानदानी प्रणाली. तिचं गोत फार मोठं. तोंडावळा सगळ्यांचा सारखा, पण एकाचं दुसऱ्याला चालेल तर शपथ!

याच जंगलात ओढ्याच्या काठाला साळूताई नावाच्या साळिंदरीचं बीळ होतं. बिळात दोन इवलाली पिल्लं. एक दिवस दवंडी पिटली गेली. सिंहमहाराजांना स्नानासाठी घाट हवा आहे, त्यासाठी ओढ्याचा काठ खणला जाईल. कुणाची हरकत असेल तर पौर्णिमेपर्यंत अर्ज करावा. अर्ज एकच, तिन्ही आळ्यांचा मिळून.

साळूताई रडकुंडीला आली. धावत गवेअण्णांकडे गेली. हुप्प्या आणि खवल्याही तिथंच बसले होते.

"अण्णा, महिना दीड महिना तरी पिल्लांना बाहेर काढता यायचं नाही हो. उघड्यावर कोल्हा ठेवेल का त्यांना?"

"ताई, तुम्ही अजिबात घोर लावून घेऊ नका," गवेअण्णा म्हणाले. "असा अर्ज करू की महाराज वाचतच राहतील."

"मग आजच लिहू या ना."

"लिहू की," हुप्प्या म्हणाला. "पण कशात?"

झालं! तिन्ही युनिक्सवर चालेल असा वर्ड प्रोसेसर, म्हणजे लिहायचं सॉफ्टवेअर, निवडायचा, असं ठरलं. समिती बसली. समितीला चहा लागतो, तोही आला.

आधी गवेअण्णांचं सॉफ्टवेअर पाहिलं. काय त्याचा थाट! पानाला वेलबुट्टीची चौकट. पण हुप्प्याकडे फाईल उघडली तर चौकट राहिली आणि मजकूर गेला. खवल्याकडे नुसती प्रश्नचिन्हं. खवल्या म्हणाला, "मलाही हेच विचारायचं होतं."

मग हुप्प्याचं पाहिलं. ते गवेअण्णांच्या संगणकावर चढवताना अमुक एक फाईल सापडेना. ती आणली तर तमुक सापडेना. तमुक आणली तर अमुक जुनी झाली होती.

मग खवल्याचं. त्यात एक अक्षर ठळक करायचं तर आधी एक खूण टंकायची, मागून एक खूण टंकायची. गवेअण्णांच्या खुराखाली एका वेळी चार कळा दाबल्या जायच्या. चार दिवस त्यातच गेले.

साळूताई रोज संध्याकाळी यायची. "अर्ज कुठवर आला?"

"मार्जिन झाली, ताई. आता फॉन्टचं बघतोय."

दहाव्या दिवशी तिनं आपलाच एक काटा उपटला, जांभळाच्या रसात बुडवला आणि सागाच्या पानावर चार ओळी लिहून आणल्या. समितीनं पान कौतुकानं हातोहात फिरवलं.

"अक्षर सुरेख आहे हो," गवेअण्णा म्हणाले. "पण हे माझ्याकडे उघडायचं कसं?"

आणि चौदाव्या दिवशी यश आलं. तिन्ही संगणकांवर चालणारं एक साधंसं, जुनंपानं सॉफ्टवेअर खवल्याला सापडलं. चाचणी म्हणून हुप्प्यानं त्यात टंकलं: सर्व ठीक आहे. सर्व ठीक आहे. सर्व ठीक आहे.

फाईल गवेअण्णांकडे उघडली. खवल्याकडे उघडली. एक काना इकडचा तिकडे झाला नाही. प्रत्येकानं खाली आपापल्या आळीचं नाव घालून पाहिलं. तेही नीट दिसलं! गवेअण्णांचे डोळे पाणावले. हुप्प्या तर फांदीवरून उतरेचना. "दरबारातही युनिक्सच आहे," तो ओरडला. "तिथं उघडतं का बघू!"

आणि त्यानं फाईल दरबारात धाडून दिली.

उघडली, मुलांनो. तिथंही उघडली.

पौर्णिमेच्या सकाळी साळूताई आपलं सागाचं पान घेऊन दरबारात गेली. तिथले कारकून तरसेभाऊसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "तुमच्या तिन्ही आळ्यांचा अर्ज कालच आला. एका प्रकरणात दुसरा अर्ज घेता येत नाही."

"आला? काय लिहिलंय त्यात?"

भाऊसाहेबांनी वाचून दाखवलं. तेच वाक्य, तीनदा. "महाराज खूश आहेत," ते म्हणाले. "तिन्ही आळ्या एका सुरात बोलल्या, असं आजवर झालं नव्हतं. खणायला उद्या सुरुवात."

साळूताई आपलं पान घेऊन माघारी फिरली. मला तिचं फार वाईट वाटतं, म्हणून पुढचं लवकर सांगतो. खवल्याला हे कळलं तेव्हा तो आधी लाजेनं अंगाचं वेटोळं करून बसला. मग उठला, टेकाडावर गेला आणि दिवस मावळेपर्यंत नख्यांनी खणत राहिला. कुणाला विचारलं नाही. संध्याकाळी साळूताईची पिल्लं नव्या बिळात झोपली.

दुसऱ्या दिवशी समिती पाहणीला आली. गवेअण्णांनी बिळात डोकं घालून पाहिलं. शिंगं अडकली.

"काम बरं आहे," ते म्हणाले. "पण माझ्या आळीला हे चालणार नाही. तिघांनाही चालेल असं बीळ निवडायला हवं होतं."

साळूताईनं सगळे काटे उभे केले. त्या दिवशी सभा लवकर संपली.

तात्पर्य: मुलांनो, काही लिहायचं झालं तर ते कशात लिहायचं, यावर आधी सर्वांचं एकमत करावं. एकदा एकमत झालं, की काय लिहायचं होतं ते कुणी विचारत नाही.