हीटर बदलल्याबद्दल हार्दिक अभिनंदन

मलकापूरच्या हंबीररावांच्या मोटारीतून सोमवारी पाणी गळू लागले. तेही बाहेर नव्हे, आत. शेजारच्या सीटवर बसणाऱ्या त्यांच्या पत्नी राजेश्वरीबाईंच्या पायांवर, चांगले गरम. रविवारी शिरवळला भाच्याचा साखरपुडा होता आणि माहेरच्या दारात स्वतःच्या गाडीतून, कोरड्या पायांनी उतरायचे, असा बाईंचा निर्धार होता.

पप्पू मिस्त्रीने वाकून पाहिले. "मेजर, हीटरचा कोअर फुटलाय. छोट्या रेडिएटरगत असतोय, डॅशबोर्डाच्या पाठीमागं. हीटर कवा लावता का?"

"अकरा वर्षांत न्हाई."

"मग सोडा की. त्याच्याकडं जाणारे दोन पाइप बॉनेटमधनंच एकमेकांना जोडतो. धा मिनिटांचं काम."

हंबीरराव फौजेत स्टोअर सांभाळून निवृत्त झाले होते. वापरात नसलेली वस्तू नादुरुस्त असणे त्यांना जास्त गंभीर वाटे, कारण तपासणी नेहमी तिचीच होते. कोअर घरीच, स्वहस्ते बदलण्याचे ठरले.

मंगळवारी नवा कोअर आला. बुधवारी स्टेअरिंग उतरले, मग अख्खा डॅशबोर्ड निघाला आणि सोफ्यावर मधोमध, मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यासारखा बसला. घरातल्या सगळ्या वाट्यांत स्क्रूंची वर्गवारी झाली. राजेश्वरीबाईंनी आमटी ताटातच ओतून घेतली.

"आवं, रविवारपातुर व्हईल नव्हं?"

"शनिवारी दुपारी गाडी तयार," हंबीरराव म्हणाले, आणि तसे ते होणारही होते.

पण गुरुवारी कॉलनीचे अध्यक्ष नानासो आले. सोफ्यावर जागा नसल्याने उभ्यानेच भारावले. "असला माणूस आपल्या कॉलनीत हाय! शनिवारी सकाळी सत्कार."

"काम तर हुंद्या."

"फ्लेक्सवाला उद्यापास्नं वाढदिवसांत गुततोय. आजच छापून घेतो."

शुक्रवारी चौकात फ्लेक्स लागला : 'हीटर कोअर यशस्वीरीत्या बदलल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. हंबीररावांचा फोटो गणवेशातला. नानासोंचा त्याच्या दुप्पट. तो पाहून हंबीरराव घाईने पाना घेऊन गाडीत शिरले, तोच नानासो धावत आले.

"हे काय करताय?"

"कोअर बसवतोय."

"लोक बघत्यात, हंबीरराव. झालेलं काम तुमी परत करताना दिसला, तर छापलेलं खोटं ठरंल."

"पर ते झालंच न्हाई."

"छापून आलंय."

लेखी हुकमाला उलट उत्तर देण्याची हंबीररावांना सवय नव्हती. त्यांनी पाना खाली ठेवला.

शनिवारी गाडीपुढेच शाल, श्रीफळ आणि तीन भाषणे झाली. पप्पूनेही टाळ्या वाजवल्या. दुपारी हंबीररावांनी पुन्हा पान्याकडे पाहिले. पण ज्या कामाचा सत्कार घेतला ते त्याच दिवशी सुरू करणे म्हणजे शालीचा अपमान, असे कार्यकारिणीचे मत पडले.

रविवारी दोघे एसटीने उभ्याने शिरवळला पोचले. राजेश्वरीबाईंचे पाय कोरडे होते. सुजले होते, एवढेच.

"दाजी, गाडी कुठं लावली?" मेहुण्याने, भाऊसोंनी, विचारले.

"निम्मी अंगणात, निम्मी सोफ्यावर," राजेश्वरीबाई म्हणाल्या.

भाऊसो मनमोकळे हसले. "अभिनंदन दाजी, सत्काराचा फोटो बघितला मी ग्रुपवर. माझाबी अंगठा हाय त्यात."

अंगठे दोनशे चौदा होते. गाडी चालू होते का, असे विचारणारा एकही नव्हता. तुमचा अंगठा एकशे साठावा. फोटो जरा मोठा करून पाहिला असतात, तर हंबीररावांच्या खांद्यामागे गाडीला स्टेअरिंग नाही, हे तुम्हालाही दिसले असते.