डार्सीचं नेतृत्व

बिझनेस स्कूलवाले मार्क बघत नाहीत, माणूस बघतात, असं डार्सी पेंगेली ऑस्ट्रेलियातल्या जीलाँगमध्ये ज्या फरशीच्या गोदामात कामाला होता तिथे भेटेल त्याला सांगत सुटला होता. त्याला तसं म्हणणं भागच होतं. तीन वर्षांची पदवी त्याने सहा वर्षांत काठाकाठाने काढली होती आणि संख्याशास्त्रात तीनदा आपटला होता.

मेलबर्नच्या एका सल्लागाराने त्याला मंत्र दिला: मार्क कमी असतील तर नेतृत्व दाखव. आता नेतृत्व आणायचं कुठून? डार्सीने ते सरळ ग्लेनिस हॉबडेचं उचललं. ग्लेनिस गोदामाची प्रमुख. पूर्वी दारात ट्रक चार-चार तास ताटकळायचे. माल रचायची पद्धत बदलून तिने ते चाळीस मिनिटांवर आणलं होतं. हा पराक्रम डार्सीने प्रवेशअर्जाच्या निबंधात बिनदिक्कत स्वतःचा म्हणून लिहिला. त्याला दुजोरा देणारं शिफारसपत्रही स्वतःच खरडलं आणि माल पोचल्याच्या चलनांत सरकवून तिची सही घेतली.

महिन्याभराने चौकशीसाठी बिझनेस स्कूलच्या प्राध्यापिकेचा ग्लेनिसला फोन आला. तिच्या केबिनच्या काचेपलीकडून डार्सी बघत होता. दहा मिनिटं झाली, वीस झाली, ग्लेनिसबाई हातवारे करून सांगताहेत, मध्येच हसताहेत. एवढं कौतुक! पाऊण तास झाल्यावर त्याला राहवेना. धावत जाऊन त्याने सगळ्यांसाठी खोबरं लावलेले लॅमिंग्टन केक आणले आणि अभिनंदनं स्वीकारायला सुरुवात केली.

ग्लेनिस बाहेर आली. ट्रकचं काम कसं जमवलं असं विचारलं म्हणून तिने सगळं सांगितलं होतं: कुठली फरशी कुठे फुटते, कुठला ड्रायव्हर थापा मारतो. शेवटी त्यांनी विचारलं, यात डार्सीने काय केलं? दार उघडलं, असं तिने प्रामाणिकपणे सांगितलं.

"सही कशावर घेतलीस ते कळलं मला," ती म्हणाली. "त्याचं नंतर बघू. त्यांनी मलाच भेटायला बोलावलंय. अनुभवावर प्रवेश देतात म्हणे."

डार्सी अभिनंदनं घेता घेता थांबला. "पण तुम्ही तर दहावीत शाळा सोडलीत. तुमच्याकडे मार्कच नाहीत."

"तेच म्हटलं मी त्यांना. म्हणाल्या, चालेल."

"मग माझंच काय अडलं?"

"तुझे मार्क आहेत ना," असं म्हणून ग्लेनिसने एक लॅमिंग्टन उचलला.