सासऱ्यांच्या फियाटचा एक दरवाजा

गाडीच्या रंगकामातलं मला सगळं कळतं! म्हणूनच सासऱ्यांच्या काळ्या फियाटचा दरवाजा माझ्या हातून फाटकाच्या खांबाला घासला तेव्हा मी मुळीच घाबरलो नाही. थोडासाच घाबरलो. आमचे सासरे महादेवराव, गाडीला ऊन सोसत नाही म्हणून तिला शेडमध्ये ठेवून, भर मे महिन्यात स्वतः एस.टी.नं मौद्याला गेले होते. जाताना "गाडीले हात लावाचा नाही" अशी ताकीद होती. उद्या संध्याकाळी ते परतायच्या आत दरवाजा जसाच्या तसा व्हायला हवा, नाहीतर जावयाची शोभा!

मित्राची स्प्रे गन आणली. पॉलिश पेपर मारला, ओरखड्यात पुट्टी भरली, धूळ बसू नये म्हणून शेडची दारं-खिडक्या लावल्या आणि काळ्या रंगाचा हात दिला. काय चकाकी! पण बघता बघता दरवाजावर पांढुरकी साय धरली. मागे वळतो तो बायको कूलर लावून उभी!

"घामानं भिजून राहिले ना तुमी!" सुमती म्हणाली.

"अगं, ओल्या हवेनं रंग पांढरा पडतो!"

"मंग बसा उकडत!" म्हणत ती कूलर ओढत निघून गेली.

चिडून जेवायला गेलो. परत येतो तर साय गायब, दरवाजा आरशासारखा! कोरड्या हवेची करामत समजून मी खुशीत दुसरा हात दिला. आणि देवी आल्यासारखे खड्डेच खड्डे! रंग धरायलाच तयार नाही!

सासूबाई डोकावल्या. "काहून, बिघडलं काय? पांढरं पडलं होतं म्हनून म्याच खोबरेल चोळून देल्लं. कसं चमकून राह्यलं होतं!"

सासूबाईंवर ओरडता येत नाही. मी स्प्रे गनवर ओरडलो.

सगळा रंग खरवडला, दरवाजा पेट्रोलनं पुसला, शेडला आतून कडी घातली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! दुसऱ्या दिवशी दुपारी दरवाजा असा झाला, की कारखान्यातसुद्धा झाला नसेल.

महादेवराव आले ते हातपाय न धुता थेट शेडमध्ये. दरवाजासमोर थांबले. मग त्यांनी टपाकडे पाहिलं, बॉनेटकडे पाहिलं. नव्या दरवाजाशेजारी बाकीची गाडी राखेनं घासल्यासारखी दिसत होती.

"जावईबापू, उन्हात काढली ना गाडी? सारा रंग उडाला न बाप्पा!" त्यांनी माझ्या दरवाजावरून मायेनं हात फिरवला. "एवढा एकच दरवाजा वाचला. असा होता पाहा माह्या गाडीचा रंग! असा!"

माझ्या कामाची इतकी तारीफ आजवर कोणी केली नव्हती. आणि मला साधं "थँक्यू"सुद्धा म्हणता आलं नाही!