वासरू आपोआप निघत नसतं

आमच्या वालूरच्या गल्लीत "चुकून झालं" म्हणायची सोय उरलेली नाही. शेजारच्या सामेलभाऊंच्या कानावर पडलं की ते विचारणारच, "आपोआप? वासरू आपोआप निघालं का?"

दुधात पाणी पडलं, "आपोआप?" माझ्या सुनेची भाकर करपली, "आपोआप?" एकदा सरपंच म्हणाले, नालीचं काम राहून गेलं. भाऊ चारचौघांत म्हणाले, "राहून गेलं न्हाई, तुमी ठेवलं. चुकतेत सगळेच. चुकलो म्हणंल तो पुढारी." नाली अजून तशीच आहे. सरपंच तेवढे आमच्या गल्लीतून जायचे बंद झाले.

सामेलभाऊ म्हणजे सॅम्युएल. मूळचे कोकणातले ज्यू, बेने इस्राएल. ढोरांच्या दवाखान्यात नोकरीला आले, रिटायर झाले, बायको गेली, तरी इथंच राहिले. त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेला दहा माणसं लागतात म्हणे. मला म्हणतात, "अक्का, इथं आमच्या समाजाचा अध्यक्ष मी, सचिव मी, अन् रुसून बसणारा सभासदबी मीच."

शनिवारी ते चूल पेटवत नाहीत, फोनला हात लावत नाहीत. ओट्यावर बसून तोरा या आपल्या धर्मग्रंथातला त्या आठवड्याचा पाठ मोठ्यानं वाचतात, वर मराठीत समजावून सांगतात. ऐकायला मी. माझे गुडघे गेलेत, पटकन उठून जाता येत नाही. त्यावरून माझी श्रद्धा लय दांडगी आहे असा त्यांचा समज झालाय.

वासरू अशाच एका पाठातलं. त्यांच्या लोकांचा पुढारी मोशे डोंगरावर गेला, लवकर येईना. लोक त्याच्या भावाला, अहरोनाला म्हणाले, आम्हाला देव करून दे. त्यानं सोनं गोळा करून वासरू घडवलं. मोशेनं येऊन जाब विचारला तर म्हणतो कसा, मी सोनं आगीत टाकलं अन् हे वासरू निघालं! इथं भाऊ दर वर्षी पुस्तक मांडीवर ठेवतात. "सगळी नोकरी ढोरांत गेली, अक्का. गायीबिगर निघालेलं वासरू एकबी पाहिलं न्हाई."

लहानपणी मडकं फुटलं की त्यांचे वडील दोघा भावांना हाच प्रश्न करायचे. दोघा भावांना, असं सामेलभाऊ सांगायचे खरे. पण धाकट्या बेंजूचं नाव पुढं काढायचे नाहीत. आई कोकणात वारली तेव्हा बेंजू नागपूरहून निघालेला होता. त्यांच्यात मातीला उशीर करत नाहीत. थोरले म्हणून यांनी उरकायला सांगितलं. बेंजू पोचला तेव्हा लोक माती देऊन हातपाय धुवायले होते. तेव्हापासून बोलणं नाही.

भाऊंना ऐकू कमी येतं, म्हणून त्यांचा फोन स्पीकरवर, आणि आम्हा सगळ्यांच्या कानात. परवाच्या शुक्रवारी ठाण्याहून पुतणीचा फोन आला. "मोठे बाबा, पप्पा उद्या रात्री निघतायत. इस्राएलला. कायमचे."

"बरं," म्हणून यांनी फोन ठेवला.

शनिवारी नेमका वासराचाच पाठ. ऊन आतापासूनच तापायलं होतं. मी तूर निवडत होते, भाऊ वाचत होते. आवाजात जीव नव्हता. म्हणाले, "अन् बघा अक्का, पुढं याजक, म्हंजे पुजारी, त्यालाच केलं. अहरोनालाच. जाणते म्हणतात, तो वेदीपाशी जायला धजंना. त्याला तिथंबी वासरूच दिसायलं. मोशे म्हणला, ये, तुलाच नेमलंय. लोकांसाठी माफी मागायची, तर मागणाऱ्याला आपली चूक ठाऊक पाहिजे."

मी म्हणाले, "भाऊ, मग आईच्या वेळंला काय झालं होतं?"

"ऊन चढायलं होतं. मंडळी खोळंबली होती. उरकलं गेलं."

"आपोआप?"

मला वाटलं, झालं, आता हे शेजारपण संपलं. त्यांनी पुस्तक मिटलं. फोन समोरच्या कोनाड्यात होता. त्याच्याकडं बघितलं, हात उचलला, परत मांडीवर ठेवला. शनिवार होता.

सूनबाईनं ताट धाडलं, तसंच परत आलं. दिवस ढळला, ते ओट्यावरच. आभाळात तीन तारे दिसल्याबिगर त्यांचा शनिवार सुटत नाही. तिकडं बेंजूच्या बॅगा दाराशी आल्या असतील. मीही मान वर करून बसले.

"भाऊ, तो बघा एक."

"एकानं भागत न्हाई, अक्का."

दुसरा लिंबाच्या शेंड्यावर दिसला. तिसरा काही निघेना. धुरळा होता. शेवटी नातवंडांनी आरडून दाखवला. भाऊंनी फोन घेतला. नंबर लावला.

"हॅलो?" पलीकडून घोगरा आवाज आला. मागं टॅक्सीचा हॉर्न.

"बेंजू... मला थांबता आलं असतं रे. मी थांबलो न्हाई." अन् मग, "वासरू मीच घडवलं."

बेंजू म्हणाला, "दादा, लहानपणासारखाच सकाळपासून जेवला नसशील. आधी दोन घास खा. मी लाइनवर आहे."

मी उठले. गुडघे दुखतच होते. सकाळचं ताट परत वाढलं.