स्टँडवरचे गृहस्थ

समारंभाच्या दिवशी सकाळीच शिपाईकाकांना स्वच्छतेचा झटका आला आणि विद्यापीठाच्या शिष्यवृत्ती विभागावर आकाश कोसळलं. या विभागातल्या एका कपाटात दिवंगतांच्या तसबिरी असत. ज्यांच्या स्मरणार्थ शिष्यवृत्ती, त्यांची तसबीर व्यासपीठावरच्या स्टँडवर लावायची, शिष्यवृत्ती देऊन झाली की उतरवायची आणि पुढची चढवायची, अशी इथली पद्धत. कोणती कुणाची हे मागे डकवलेल्या चिठ्ठीवरून कळायचं. त्या चिठ्ठ्यांना कसर लागली होती. काकांनी ओल्या फडक्यानं त्या पार खरवडून काढल्या, काचा लख्ख पुसल्या आणि तसबिरी टेबलावर लहानमोठ्या आकाराप्रमाणे ओळीनं मांडल्या.

विभागाच्या हेडक्लार्क ताई परीक्षा विभागातून नुकत्याच बदलून आल्या होत्या. त्यांना त्यातला एकही चेहरा ओळखीचा नव्हता.

"काका, दरवर्षी तुम्हीच लावता ना? मग आठवत असेलच की."

"मी मागची चिठ्ठी बघून लावायचो, ताई. तोंडाकडे कशाला बघतोय?"

एरवी ताईंनी डोळे मिटून लावल्या असत्या. देणगीदारांची माणसं पहिली एकदोन वर्षं येतात, पुढे कुणी फिरकत नाही. पण यंदा एक आजी जातीनं यायच्या होत्या. त्यांच्या यजमानांच्या नावाची शिष्यवृत्ती त्या दरवर्षी पाठवत असलेल्या चेकवर चालायची, आणि यापुढे चेक पाठवायचा की नाही ते समारंभ बघून ठरवीन, असं त्यांनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं. त्या पैशांवर शिकणाऱ्या मुलीची अजून दोन वर्षं बाकी होती. शिष्यवृत्ती थांबली तर तिचं शिक्षणही थांबणार होतं. बिचारी सकाळपासून दारात घुटमळत होती. आजींना मी आवडेन ना, असं तिनं विचारलं तेव्हा ताई म्हणाल्या होत्या, तू फक्त नीट उभी राहा, बाकीचं आम्ही बघतो. आणि बाकीचं हे असं बघून झालं होतं.

ताईंनी डोकं चालवलं. तसबिरींत एक बाई होत्या, त्या बाद. उरले तिघे: एक मिशीवाले, एक चष्मेवाले आणि एक टकलावाले. आजी नेमक्या वेळेआधीच आल्या. ताईंनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि सहज विचारतेय अशा सुरात सुरुवात केली. साहेबांना मिशी होती का हो?

"होती. मग काढली. मग मलाच करमेना म्हणून परत ठेवली."

"आणि चष्मा?"

"सापडेल तेव्हा लावायचे."

केसांबद्दल विचारावं तर ते लग्नात होते म्हणे. उत्तरागणिक गुंता वाढत होता, पण आजींची कळी खुलत चालली होती. साहेब धरणावर इंजिनिअर होते, चालताना शीळ घालायचे, भांडण झालं की भांडी घासायला बसायचे, हे सगळं ताईंना कळलं. तोंड कसं होतं तेवढं काही कळलं नाही. शेवटी ताईंनी तिसऱ्यांदा मिशीबद्दलच विचारून पाहिलं, आणि आजी ठामपणे "होती" म्हणाल्या तेव्हा मिशीवाल्यांना स्टँडवर चढवलं.

नाव पुकारलं गेलं. ती मुलगी आली, आजींच्या हातून पाकीट घेऊन वाकली. आजींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग स्टँडकडे पाहिलं. पाहतच राहिल्या. ताई बाजूलाच उभ्या होत्या.

"हे आमचे नव्हेत," आजी हळूच म्हणाल्या.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. ताईंनी त्यांच्या कानाशी वाकून चिठ्ठ्यांची सगळी हकीकत सांगितली, माफी मागितली, आणि राग माझ्यावर काढा, पण त्या पोरीवर नको, असंही सांगून टाकलं.

"अहो, आम्ही फोटो दिलाच नव्हता," आजी म्हणाल्या. "यांनी जन्मात कधी फोटो काढू दिला नाही. कॅमेरा दिसला की पसार. तुम्ही समारंभाचा फोटो घरी पाठवता, त्यात दरवर्षी ते चष्मेवाले असतात. कुणी लावले देव जाणे. आज जाब विचारायलाच आले होते मी."

मुलगी पाकीट छातीशी धरून दोघींकडे बघत होती.

"पण मगाशी यांच्याबद्दल इतकं विचारलंत. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. आणि का विचारताय ते कळत होतं मला. मिशीबद्दल तीनतीनदा कोण विचारतं?" त्यांनी मुलीचा हात हातात घेतला. "हिचं शिक्षण पुरं होऊ दे. चेक येत राहील."

ताईंचा जीव भांड्यात पडला. त्या आभार मानू लागल्या, तर आजींनी त्यांना थांबवलं आणि मिशीवाल्यांकडे एकवार नापसंतीनं पाहिलं.

"फक्त पुढच्या वर्षी ते चष्मेवालेच लावा. आता त्यांची सवय झालीये मला."