रविवारचं डोकं

श्रीनिवासचं डोकं फक्त रविवारी दुखायचं. आठवड्याचे सहा दिवस तो कंपनीच्या बसने बिबवेवाडीहून हिंजवडीला जायचा, ट्रॅफिकमध्ये दोन-दोन तास अडकायचा, साहेबाची बोलणी खायचा. तरी डोकं शांत. रविवारी अकराच्या सुमारास मात्र उजवं कानशील ठणकायला लागायचं. आणि अकरालाच बायकोचे, म्हणजे उल्काचे, थोरले बंधू गोपाळकृष्ण हडपसरहून यायचे. आपल्या सोसायटीतल्या पार्किंगचं भांडण ते दर रविवारी पहिल्यापासून सांगत.

"अहो, खरं सांगा," एकदा उल्काने विचारलं, "दादा आला की तुमचं दुखतं ना?"

"छे! काहीतरीच."

पण हे 'छे' अर्धा क्षण उशिरा आलं. बावीस वर्षांच्या संसारात बायकोला अर्धा क्षण पुरतो. तिने तडक फोन लावला. "दादा, या रविवारी येऊ नकोस. यांना तुझा त्रास होतो."

श्रीनिवास हातवारे करेपर्यंत फोन संपलाही होता. गोपाळकृष्ण नुसतं "बरं" म्हणाले होते. एक वाक्य पाऊण तास चालवणाऱ्या माणसाचं ते "बरं" श्रीनिवासला फार लागलं.

रविवारी कुणी येणार नव्हतं, म्हणून तो थेट बाराला उठला. डोकं असं ठणकत होतं की त्याने पंचा आवळून बांधला.

"आता?" उल्का म्हणाली. "दादा तर हडपसरला आहे."

सोमवारी दोघं डॉक्टर दीपमालांकडे गेली.

"रोज कधी उठता?"

"साडेपाचला. सहाला चहा, आठला नाश्ता."

"आणि रविवारी?"

श्रीनिवास पंख्याकडे बघू लागला. "दहा, अकरा, कधी बारा," उल्काने सांगून टाकलं. "चहा जेवणाच्या ताटाशेजारी."

"मग डोक्याने काय करावं? झोपेची, खाण्याची, चहाची वेळ रविवारीही तीच ठेवा. पाणी प्या. गोळ्यांचं नंतर बघू."

"म्हणजे माझ्या भावाचा काही संबंध नाही?"

"भाऊ तपासायला आणलाय का?" डॉक्टरांनी विचारलं.

घरी येताच श्रीनिवासने फोन केला. "गोपाळराव, चूक माझ्या झोपेची होती. आता रविवारीही साडेपाचलाच उठायचंय. तुम्ही याच."

पुढच्या रविवारी पहाटे पावणेसहाला बेल वाजली. दारात गोपाळकृष्ण, पायांत कॅनव्हासचे बूट.

"उठलात? म्हटलं, सुटीच्या दिवशी उठवायला घरचंच माणूस हवं."

श्रीनिवासला भरून आलं. डोळे मात्र उघडेनात. सहाला चहा झाला, आठला पोहे झाले, मध्ये पार्किंग झालं. अकरा वाजले तसं त्याने भीतभीत कानशील चाचपलं. शांत! समोर मात्र गोपाळकृष्ण दोन्ही हातांनी डोकं धरून बसले होते.

"दादा, काय रे झालं?"

"काही नाही गं. बस चुकू नये म्हणून तीनपासून जागा आहे."

श्रीनिवासने मायेने खुर्ची जवळ ओढली. "गोपाळराव, त्याचं असं आहे..." म्हणत त्याने झोप, नाश्ता, चहा, पाणी असं सगळं पहिल्यापासून समजावून सांगायला घेतलं. साडेबारा वाजले तरी तो अजून नाश्त्यापर्यंतच आला होता.

गोपाळकृष्णांनी एक डोळा किलकिला केला आणि बहिणीला हळूच विचारलं, "उल्के, हे रोजच एवढं बोलतात?"