दाराशी कोण होतं?

ताईच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून तीन वर्षं झाली होती. निवृत्त ग्रंथपालांनी ते पाकीट शब्दकोशात दडवलं होतं आणि ताईचा फोन वाजला की ते अंघोळीला जात. पत्र असं होतं : 'बाळ्या, तू दिलेली सिनेमाची डिस्क ऐन शेवटी अडकते. ती बाई दार उघडायला उठते आणि तिथेच थिजते. दाराशी कोण होतं? असा शेवट जन्मात पाहिला नाही, असं तूच म्हणाला होतास. डिस्क सोबत परत पाठवतेय.'

शेवट त्यांनी खरोखरच जन्मात पाहिला नव्हता. तीनशे डिस्क होत्या, पण ग्रंथपाल वाचायचे फक्त डबीतली पुस्तिका. हे थोरल्या बहिणीला सांगायचं कोणत्या तोंडाने?

रविवारी मुलाने कपाट रिकामं केलं.

"सगळ्या भंगारात दिल्या, बाबा. प्लेअरसकट. आता सगळं ऑनलाइन असतं. नाव सांगा, दोन मिनिटांत लावतो."

ग्रंथपालांना रडू यायला हवं होतं, पण आशाच पालवली. शेवट कळला की ताईला लिहिता येईल! त्यांनी हळूच नाव सांगितलं.

आधी पासवर्ड चुकला. मग कळलं, त्याच खात्यावर जावई आणि सुनेचा भाऊ आपापल्या घरी सिनेमे बघतायत. तिसऱ्याला जागा नाही.

"दाजी, जरा बंद करा ना!" मुलगा फोनवर ओरडला.

"अरे, खुनी सापडतोय इथे!"

जागा मिळाली तेव्हा सिनेमा दुसऱ्या कंपनीकडे गेला होता. सुनेने तिथली वर्गणी भरली. तिथे तो 'आपल्या भागात उपलब्ध नाही' निघाला. तिसऱ्या कंपनीकडे सापडला. दर दहा मिनिटांनी साबण विकत घ्या म्हणत म्हणत सिनेमा शेवटाला आला. बाई उठली, दाराकडे निघाली आणि थिजली. पडद्यावर चाक फिरू लागलं.

"अगदी ताईची डिस्क!" ग्रंथपाल पुटपुटले.

पुन्हा लावला तर पाटी आली : करार संपल्याने हा सिनेमा काढण्यात आला आहे.

"आत्ता? आमच्या डोळ्यांदेखत?" सून किंचाळली.

"डिस्क असती तर..." मुलगा खाली मान घालून म्हणाला.

ग्रंथपाल खाकरले आणि शब्दकोश घेऊन आले. पाकिटात डिस्क होती. तिच्या कडेला तेलकट अंगठा उमटला होता, ताईचाच. चष्म्याच्या फडक्याने पुसताच डिस्क लख्ख झाली.

"लावा ना, बाबा!"

"कशावर?"

टीव्हीखाली प्लेअरच्या जागी धूळ न बसलेला चौकोन होता.

मग ग्रंथपालांनी कागद ओढला. 'ताई, मी तो सिनेमा पाहिलेलाच नाही, नुसती पुस्तिका वाचली. तुझा अंगठा पुसून डिस्क सोबत परत पाठवतोय. तुझा प्लेअर चालू असेल तर बघ आणि दाराशी कोण होतं ते कळव. इथे सगळे खोळंबलेत.'

पोस्टात मुलगा त्यांना स्वतः घेऊन गेला.

"आत्या लगेच कळवेल ना, बाबा?"

"माझीच सख्खी बहीण ती," ग्रंथपाल म्हणाले आणि त्यांनी पाकीट खिडकीतून आत सरकवलं.